जुन्या डिस्कवरची मराठी फाइल शोधायची कशी? नाव आठवत नाही, सर्च काही दाखवत नाही

पेठेतली_डीटीपीवाली

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहितेय.

आमचं अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपीचं छोटं काम आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. पत्रिका, स्मरणिका, संस्थांचे अहवाल, छोटी पुस्तकं. दीड वर्षापूर्वी सासरे गेले आणि तेव्हापासून मी एकटी बघते. कुठली फाइल कुठं ठेवलीय हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं, गिऱ्हाईक दारात उभं असतानाच दहा वर्षांपूर्वीची पत्रिका काढून द्यायचे.

परवा एक आजोबा आले, त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत २००९ साली आमच्याकडे झाला होता. आता मे महिन्यात कुलसंमेलन आहे आणि त्यांना दुसरी आवृत्ती काढायचीय, मधल्या काळातली लग्नं, जन्म, नवी नावं घालून. छापलेलं पुस्तक घेऊनच आले होते, आतल्या पानावर अक्षरजुळणी म्हणून आमचं नाव आहे. पावणेतीनशे पानं आहेत, परत टाइप करायचं म्हटलं तर दोन महिने त्यातच जातील आणि वंशवृक्ष वेगळे काढावे लागतील, आणि फोटोंचं काय, कितीतरी मूळ फोटो आता कुणाच्याच घरी नाहीत असं आजोबा म्हणाले.

मशीनवर विंडोज ११ आहे, सगळा जुना डेटा डी ड्राइव्हवर, साधारण ६०० जीबी. शिवाय दोन जुन्या डिस्क आहेत त्या बाहेरून जोडायच्या. मी डी उघडून वरच्या सर्चच्या चौकटीत इंग्रजी स्पेलिंगने कुलवृत्तांत टाकलं, वीस मिनिटं पट्टी सरकत राहिली आणि शेवटी काहीच नाही. मग मराठीत टाकलं, तरी काही नाही. खाली टास्कबारच्या सर्चमधे टाकलं तर इंटरनेटवरचंच काहीतरी दाखवतंय. मग पुस्तकात असलेलं एक आडनाव आणि गावाचं नाव टाकून बघितलं, म्हटलं आतल्या मजकुरावरून तरी सापडेल, तर ते पण नाही.

फाइल आहे हे नक्की, सासऱ्यांनी कधी काही डिलीट केलं नाही. मग दिसत का नाहीये?

---

सिंहगडरोडकर

ताई, सगळ्यात आधी एक. त्या दोन जुन्या डिस्कपैकी एखादी टकटक आवाज करत असेल किंवा मधेच गायब होऊन परत दिसत असेल तर तिच्यावर सर्च अजिबात चालवू नका, आधी जेवढं येतंय तेवढं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या आणि शोधाशोध त्या कॉपीवर करा. सर्च म्हणजे डिस्क सगळीकडे फिरवणं आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तेच सगळ्यात जड जातं.

आता विंडोजला का सापडलं नाही ते सांगतो. विंडोज काही फोल्डरची सूची आधीच करून ठेवतं, त्याला इंडेक्स म्हणतात, आणि तेवढ्याच भागात ते पटकन शोधतं आणि आतला मजकूर पण बघतं. बाकी ठिकाणी एकेक फोल्डर उघडत जातं आणि तिथे फक्त नावं बघतं, आत डोकावत नाही. मूळ सेटिंग क्लासिक असतं आणि त्यात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि डेस्कटॉप एवढंच येतं. आणि आपल्याकडे मशीन जोडून देणारा प्रत्येकजण सी आणि डी असे भाग पाडून देतो आणि बजावतो की डेटा डीवरच ठेवा, विंडोज परत टाकलं तरी डेटा राहील. सल्ला बरोबरच आहे, पण त्यामुळे सगळ्यांचं काम डीवर आणि इंडेक्स मात्र सीवरचा. वीस मिनिटं गेली ती यामुळे.

तुमच्या कामाला एव्हरीथिंग नावाचं सॉफ्टवेअर घ्या, व्हॉइडटूल्सच्या साइटवरून, दुसऱ्या कुठल्या डाउनलोड साइटवरून नको. फुकट आहे, एकदम छोटं आहे. हे फोल्डर उघडत बसत नाही. एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर सगळ्या फाइलींचा एक मूळ तक्ता असतो, मास्टर फाइल टेबल, तो तक्ताच हे थेट वाचतं, त्यामुळे दहा लाख फाइली असल्या तरी पहिल्यांदा साधारण एक मिनिट लागतं आणि नंतर तुम्ही अक्षर टाइप कराल तसं खाली यादी बदलत जाते. जुनी डिस्क एफएटी३२ असेल तर मात्र ती आपोआप येत नाही, टूल्समधे ऑप्शन्स, तिथे इंडेक्सेस, तिथे फोल्डर्स, आणि ती डिस्क हाताने ॲड करायची.

आता नाव. कुलवृत्तांत इंग्रजीत कसं लिहिणार? वृ ला कोणी व्ही-आर-यू लिहितं कोणी व्ही-आर-आय, त्त ला एक टी की दोन, आणि कुलच्या पुढे ए आहे की नाही. लक्ष्मीचं तसंच, ज्ञानेश्वरचं तर विचारूच नका, डी-एन-वाय, जी-वाय, जे-एन सगळं बघितलंय मी. म्हणून पूर्ण शब्द टाकायचाच नाही, जेवढी अक्षरं कुठल्याही स्पेलिंगमधे असणारच तेवढीच टाकायची. के-यू-एल, मग एक जागा सोडून व्ही-आर. एव्हरीथिंगमधे जागा सोडली की त्याचा अर्थ दोन्ही तुकडे नावात कुठेही असले तरी चालतील. कॅपिटल की स्मॉल याचा फरक पडत नाही.

---

वारजे_माळवाडी

एवढं कशाला? सेटिंग्जमधे प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे सर्चिंग विंडोज, क्लासिकच्या जागी एनहान्स्ड करा, रात्रभर मशीन चालू ठेवा, सकाळी सगळं इंडेक्स झालेलं असेल. वेगळं सॉफ्टवेअर नको.

---

सिंहगडरोडकर

वारजे, रोजच्या वर्ड आणि पीडीएफसाठी एनहान्स्ड करणं चांगलंच आहे, मी पण केलंय. पण विंडोजचं इंडेक्सवालं सर्च शब्दाच्या सुरवातीपासून जुळवतं, मधलेच तुकडे टाकले तर हमखास सापडेल असं नाही, आणि ताईंना तर स्पेलिंगच माहीत नाही. आणि पेजमेकरची, म्हणजे पुस्तकाची पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची फाइल असली तर विंडोज ती आतून वाचणार नाहीच.

---

खिळे_ते_कीबोर्ड

ताई, तुमच्या सासऱ्यांच्या पिढीतलाच मी, आधी हाताने खिळे, म्हणजे शिशाचे टाइप जुळवले, मग फोटोटाइपसेटिंग आणि मग डीटीपी, त्यामुळे तुमची फाइल कशी असेल हे डोळ्यासमोर दिसतंय. जरा सविस्तर लिहितो.

आतल्या मजकुरावरून ती फाइल सापडणार नाही. २००९ मधे आमच्यापैकी जवळजवळ कोणीच छपाईसाठी युनिकोड, म्हणजे आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत, वापरत नव्हतं, पेजमेकरला ते कळतच नव्हतं. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा फॉन्टमधे काम चालायचं. या फॉन्टमधे पडद्यावर क दिसतो पण फाइलमधे क नसतोच, तिथे एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं आणि फॉन्ट त्या जागी क चं चित्र दाखवतो. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली इस्की नावाचं सरकारी प्रमाण आलं होतं, आपल्या पुण्यातल्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड लावून आम्ही डॉसवर मराठी बघितलेलं आहे, पण फॉन्ट बनवणाऱ्यांनी कुठल्या जागी कुठलं चित्र ठेवायचं हे आपापलं ठरवलं. त्यामुळे तुम्ही आज युनिकोडमधे आडनाव टाइप केलं तर कॉम्प्युटरच्या लेखी ते अक्षर त्या फाइलमधे नाहीच. तो खोटं बोलत नाहीये.

जुनी डॉक किंवा टेक्स्ट फाइल शोधायची असेल तर एक युक्ती आहे, वर्डमधे तोच जुना फॉन्ट निवडून, त्याच्याच कीबोर्डने तो शब्द टाइप करायचा, कॉपी करायचा आणि सर्चच्या चौकटीत पेस्ट करायचा. चौकटीत विचित्र अक्षरं दिसतील, घाबरायचं नाही, फाइलमधे तीच आहेत. यासाठी एजंट रॅन्सॅक नावाचं सॉफ्टवेअर बरं पडतं, ते इंडेक्स न करता फाइली आतून वाचतं, वेळ लागतो पण काम होतं.

पण तुमच्या बाबतीत मी नावाच्या मागे पण लागणार नाही, कारण आम्ही फाइलींना पुस्तकाचं नाव क्वचितच द्यायचो. पावतीपुस्तकाचा नंबर द्यायचो, नाहीतर काम घेऊन आलेल्या माणसाचं नाव. त्यामुळे जे नक्की माहीत आहे तिथून सुरवात करा. तुम्हाला तीन गोष्टी नक्की माहीत आहेत. साल २००९. पेजमेकर म्हणजे शेवटी पी६५ किंवा पीएमडी. आणि कुलवृत्तांत आहे म्हणजे वंशवृक्ष असणार, ते पेजमेकरमधे कोणी काढत नाही, ते कोरलमधे, म्हणजे आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरमधे काढलेले असणार म्हणजे सीडीआर.

एव्हरीथिंगमधे असं टाका, मी देवनागरीत लिहितोय पण तुम्ही इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे टाइप करा:

ईएक्सटी:पी६५;पीएमडी;सीडीआर डीएम:२००९

ईएक्सटी म्हणजे फाइलचा प्रकार, डीएम म्हणजे शेवटचा बदल कधी झाला ते. कोलनच्या आधी नंतर जागा सोडायची नाही. यादी आली की वर पाथ असं लिहिलेल्या रकान्यावर क्लिक करा म्हणजे एका फोल्डरमधल्या फाइली एकाखाली एक येतील. मग नावं वाचू नका, घोळके बघा. पावणेतीनशे पानांचं पुस्तक एका फाइलमधे कोणी ठेवत नसे, प्रकरणाप्रमाणे तुकडे करायचो, म्हणजे एकाच फोल्डरमधे दहापंधरा पेजमेकर आणि शेजारी कोरलच्या फाइलींची रांग असं दिसलं की तिथे थांबा. जानेवारीत छापलं असेल तर २००८ पण बघा.

आणि तारीख बघताना क्रिएटेड बघू नका, मॉडिफाइडच बघा. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर फाइल कॉपी केली की क्रिएटेडची तारीख कॉपी केल्या दिवसाची होते, मॉडिफाइड मात्र जुनी तशीच राहते. पंधरा वर्षांत तुमच्याकडे दोनतीनदा तरी डिस्क बदलल्या असतील.

---

पेठेतली_डीटीपीवाली

काका, डोळ्यात पाणी आलं वाचून. पावतीपुस्तकाचा नंबर! आमच्याकडे माळ्यावर जुनी पावतीपुस्तकं पोत्यात बांधून ठेवलीयत, मी रद्दीत देणार होते.

एव्हरीथिंग टाकलं. के-यू-एल व्ही-आर ने काही आलं नाही. मग तुम्ही सांगितलं ते टाकलं तर ४१२ फाइली आल्या, पाथवर क्लिक केलं, अजून बघतेय. बाहेरच्या एका डिस्कचा खरंच टकटक आवाज येतोय, तिची कॉपी लावलीय, रात्रभर चालेल असं दिसतंय. सिंहगडरोडकर दादा, बरं झालं आधीच सांगितलंत.

---

देवनागरी_टायपिस्ट

ताई, कुलवृत्तांत सापडेलच, पण तुम्ही मराठीत नावं देत असाल तर एक गोष्ट सांगून ठेवतो, मला स्वतःला यात चार दिवस गेलेत.

पालखीच्या वेळी एका मंडळासाठी वारकऱ्यांच्या सोयीचं माहितीपत्रक केलं होतं, फाइलचं नाव पण वारकऱ्यांसाठी असंच मराठीत, युनिकोडमधे, सगळं नवीन. दुसऱ्या वर्षी तेच नाव टाइप करून शोधतोय तर सापडत नाही. समोर फोल्डर उघडून बघितलं तर फाइल आहे, नाव अक्षर न् अक्षर तेच दिसतंय. शेवटी दोन्ही शब्दांची अक्षरं सुटी करून बघितली तेव्हा कळलं. हा जो ऱ्या आहे ना, तो दोन पद्धतीने टाइप होतो. एका कीबोर्डवर खाली टिंब असलेला वेगळा ऱ, मग पाय मोडायचा आणि य. दुसऱ्यावर साधा र, पाय मोडायचा, मधे एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य. डोळ्याला दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. ॲ चं पण तेच, हे अक्षर युनिकोडमधे वेगळं म्हणून २००८ साली आलं, त्याआधी आणि त्यानंतरही बरेच कीबोर्ड अ आणि वर चंद्र असं जोडून काढतात. आकडे तर रोजचंच, मराठी २००९ टाकलं आणि नावात इंग्रजी आकडे असतील तर बसा शोधत.

त्यामुळे शेतकऱ्यांचे, दुसऱ्या असले शब्द शोधताना त्या अक्षराच्या अलीकडे थांबायचं, आणि ॲडमिशनमधे ते पहिलंच अक्षर आहे म्हणून ते सोडून नुसतं डमिशन टाकायचं. नुसतं वारक टाकलं की दोन्ही पद्धतीचे सापडतात.

आणि स्कॅन केलेल्या पीडीएफ असतील तर त्या म्हणजे नुसते फोटो, आत अक्षरच नसतं, कुठलंही सर्च लावा. त्यांना ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं, करावं लागतं. थोडी पानं असतील तर गूगल ड्राइव्हवर टाकून राइट क्लिक करून गूगल डॉक्समधे उघडा, मराठी बऱ्यापैकी ओळखतं. जास्त असतील तर टेसरॅक्ट फुकट आहे आणि त्याला मराठीचा डेटा मिळतो. जुन्या फॉन्टमधून केलेल्या पीडीएफचं मात्र वेगळं, त्या दिसायला छान असतात पण त्यातला मजकूर कॉपी करून बघा, काका म्हणाले तसली विचित्र अक्षरं येतील. त्या पण ओसीआरनेच वाचाव्या लागतात.

---

वारजे_माळवाडी

ऱ्या वालं माहीत नव्हतं. आमच्या सोसायटीच्या थकबाकीदारांच्या यादीत एका बिऱ्हाडाचं नाव कधीच सापडत नाही, आता कळलं का. आणि वरचं माझं मागे घेतो, ताईंच्या कामाला इंडेक्स पुरला नसता.

---

पेठेतली_डीटीपीवाली

सापडला!!

सांगते कसा. ४१२ ची यादी बघत खाली गेले तर डी ड्राइव्हवर जुना डेटा, त्यात सीडी बॅकअप, त्यात सात असं फोल्डर आणि त्याच्या आत २१४ नावाचं फोल्डर. त्यात १४ पेजमेकर फाइली, पी१, पी२ अशी नावं, आणि खाली ९ कोरल फाइली, व्ही१ ते व्ही९. काका म्हणाले तसा अगदी घोळका. कुलवृत्तांत हा शब्द कुठेच नाही, आडनाव पण नाही. माळ्यावरून पोतं काढलं, २००९ चं पावतीपुस्तक काढलं, पावती २१४, आजोबांचंच नाव आणि सासऱ्यांच्या अक्षरात पुढे लिहिलंय, आगाऊ रु. ५००० मिळाले, वंशवृक्ष ९.

सासऱ्यांचं जुन्या विंडोज एक्सपीचं मशीन अजून चालू आहे, पेजमेकर त्यावरच आहे आणि फॉन्टचं लॉक, म्हणजे ते फॉन्ट चालू करणारं छोटं उपकरण, त्यालाच लावलेलं आहे. पी१ उघडली, मुखपृष्ठानंतरचं पान, गणपती, खाली कुलदैवताचं नाव. थोडा वेळ काही सुचेनाच.

आता एकच अडचण आहे, फोटोंच्या जागी ठोकळे दिसतायत, पेजमेकर विचारतंय की टिफ फाइल, म्हणजे फोटोची फाइल, कुठं आहे. २१४ मधे एकही टिफ नाही.

---

खिळे_ते_कीबोर्ड

फार आनंद झाला. असे मोठे फोटो सहसा पेजमेकरच्या आत नसतात, तो नुसता पत्ता लक्षात ठेवतो. त्या वेळी फोटो दुसऱ्या मशीनवर स्कॅन करायचे असतील तर फोल्डर वेगळं असणार. फाइल मेन्यूमधे लिंक्स मॅनेजर आहे, तो उघडा, त्यात प्रत्येक फोटोचं मूळ नाव दिसेल, एकदोन नावं घेऊन तीच एव्हरीथिंगमधे टाका. आता नाव नक्की माहीत आहे, आता नावानेच शोधायचं. डीवर नसतील तर टकटक करणाऱ्या डिस्कच्या कॉपीत बघा.

---

सिंहगडरोडकर

अभिनंदन ताई! आणि झिप किंवा रार फाइली असतील तर त्यांच्या आत एव्हरीथिंग बघत नाही हे लक्षात असू द्या, ईएक्सटी:झिप;रार टाकून तेवढ्या वेगळ्या काढा आणि उघडून बघा, सीडीवर टाकताना लोक हमखास झिप करायचे.

एक सुचवू का, फाइलींची नावं बदलत बसू नका, नाहीतर पेजमेकरचे फोटोंचे पत्ते अजून तुटतील. त्यापेक्षा २१४ सारख्या प्रत्येक फोल्डरमधे एक रिकामी टेक्स्ट फाइल टाका आणि तिच्या नावातच सगळं लिहा, मराठीत कुलवृत्तांत, इंग्रजीत दोनतीन स्पेलिंग, आडनाव, साल, पावती नंबर. नाव फार लांब करू नका, विंडोजला ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता धरून साधारण २६० अक्षरांची मर्यादा असते. पावतीपुस्तक समोर ठेवून रोज दहा फोल्डर केले तरी पावसाळ्यापर्यंत बरंच होईल.

---

पेठेतली_डीटीपीवाली

फोटो मिळाले, टकटकवाल्या डिस्कवरच होते, कॉपी पहाटे चारला पूर्ण झाली आणि आता ती डिस्क मशीनला दिसतही नाहीये. फोल्डरचं नाव नुसतं स्कॅन. ३१ फोटो पाहिजे होते त्यातले २९ आले. उरलेले दोन आजोबांनी आणलेल्या छापील पुस्तकातून स्कॅन करेन, त्यातला एक त्यांच्या आईचा आहे, तो त्यांना विचारून घेईन, कदाचित कुणाकडे असेल.

दादा, टेक्स्ट फाइलची कल्पना आजपासून चालू केली, पहिली २१४ मधेच टाकली. आजोबांना फोन केला, ते उद्याच येतो म्हणाले नवी नावं घेऊन.